पांडुरंग सांगवीकर आणि स्पायडरमॅन: पुण्याहून पोस्ट न घेता परतणाऱ्यांची गोष्ट यातली कोणती?

एकाला कोळी चावला आणि तो सुपरहिरो झाला. दुसऱ्याला काहीच चावलं नाही. तो पुण्यात नापास होऊन गावी परतला. साठ वर्षांपूर्वी जवळपास एकाच वेळी आलेले हे दोन तरुण आज देवळाली प्रवरासारख्या गावातल्या मुलामुलींना काय सांगतात? समजून घेऊया.

ऑगस्ट १९६२ ही तारीख छापलेल्या ‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकन कॉमिकच्या १५ व्या अंकात पीटर पार्कर नावाचा मुलगा पहिल्यांदा दिसला. चष्मा लावणारा, विज्ञानात हुशार, वर्गात टवाळीचा विषय झालेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध केली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर तिथं वाचकांना भेटला.

वरवर पाहता ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. एक रंगीत कॉमिकमधला, इमारतींवरून झेपा घेणारा. दुसरा मराठीतल्या सर्वाधिक चर्चा झालेल्या कादंबऱ्यांपैकी एकीचा नायक, जो फार तर होस्टेलच्या गच्चीपर्यंत जातो. पण दोघांना शेजारी बसवलं की आजचा एक प्रश्न स्पष्ट दिसायला लागतो. अपयश आलं की त्यात आपला दोष किती, हा तो प्रश्न.

आधी दोघांची थोडक्यात ओळख

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी उभा केलेला पीटर हा त्या काळातल्या सुपरहिरोंपेक्षा वेगळा होता. तोवर कॉमिकमधली शाळकरी पोरं मोठ्या हिरोचा मदतनीस म्हणून यायची. इथं पोरगाच हिरो. विज्ञान प्रदर्शनात किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि त्याला शक्ती मिळते. पण जाळं फेकणारं यंत्र तो स्वतः घरी बनवतो. म्हणजे शक्ती अपघातानं आलेली, तर जाळं स्वतःच्या डोक्यातून निघालेलं.

शक्ती आली तरी घरभाड्याची चिंता सुटत नाही. मार्च १९६३ च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या पहिल्या अंकात त्याला कार्यक्रमाच्या मानधनाचा चेक मिळतो, तोही स्पायडरमॅनच्या नावानं. बँक ओळखपत्र मागते आणि चेक वटत नाही. कागदपत्रांअभावी बँकेतून परत पाठवलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

पांडुरंग पंचवीस वर्षांचा आहे आणि स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. गावात घर खातंपितं, वडील कर्ते. पुण्यात तो होस्टेलवर राहतो, कॉलेजच्या मंडळांमध्ये पुढं होतो, मेसचा सेक्रेटरी होतो आणि हिशेबात पुरता अडकतो. घरून येणारे पैसे पुरत नाहीत, अभ्यास मागं पडतो, वडिलांशी खटके उडतात. मध्येच धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. शेवटी परीक्षेत नापास होऊन तो सांगवीला परततो आणि गावातल्या रिकाम्या पोरांत बसू लागतो. पुढं काही मोठं घडत नाही. कादंबरी तिथंच थांबते.

नेमाडे यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा तेही पंचविशीतच होते. त्यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पांडुरंगला मात्र कादंबरीत साधं प्रशस्तिपत्रकही मिळालेलं नाही.

दोघांचा धागा सारखाच, दिशा वेगळी

नावांमध्ये एक गंमत आहे. स्पायडरमॅन म्हणजे कोळी-माणूस. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. दोघांचीही ओळख धाग्यावर आहे.

कोळी धागा बाहेर फेकतो. त्यावर लटकून तो दुसरीकडे जातो, पडणाऱ्याला पकडतो, चोराला खांबाला बांधतो. रेशमाचा किडा तोच धागा स्वतःभोवती गुंडाळतो आणि आत बसतो. पीटरला त्रास झाला की तो खिडकीतून बाहेर उडी मारतो. पांडुरंगला त्रास झाला की तो आत जातो, टिंगल करतो, डायरी लिहितो, विषय बदलतो. त्याच्या विनोदाखाली काय साठलंय हे वाचकाला कळतं. त्याच्या आजूबाजूच्यांना कळतंच असं नाही.

पीटरही सतत विनोद करतो, तेही मारामारी चालू असताना. म्हणजे भीती झाकायची पद्धत दोघांची एकच आहे. फरक इतकाच की पीटरकडे मुखवटा आहे आणि तो रात्री काढता येतो.

वडीलधाऱ्यांचंही तसंच. पीटरचे बेन काका पहिल्याच गोष्टीत जातात आणि कायमचे आदर्श होतात. शक्तीसोबत जबाबदारी येते हे गाजलेलं वाक्य आज त्यांच्या तोंडी सांगितलं जातं; मूळ अंकात मात्र ते शेवटच्या चौकटीत निवेदकाचं आहे. काकांना तिथं फारसं बोलायलाच मिळालेलं नाही. पांडुरंगचे वडील जिवंत आहेत. त्यामुळे ते हिशेब मागतात.

खरा फरक: काका गेले आणि मनी गेली

दोघांच्याही गोष्टीच्या मध्यभागी एक मृत्यू आहे. तुलना खरी सुरू होते ती इथं.

पीटर शक्ती मिळाल्यावर टीव्हीवर चमकतो. एक चोर त्याच्यासमोरून पळतो. पोलीस मागं लागलेला असतो. पीटर बाजूला उभा राहतो. पकडणं आपलं काम नाही, असं म्हणून सोडून देतो. पुढं तोच चोर बेन काकांचा खून करतो. म्हणजे पीटरच्या अपराधीपणाला आधार आहे. तो थांबवू शकत होता, त्यानं थांबवलं नाही. यातूनच त्याला आयुष्यभराचं काम मिळतं.

मनीच्या बाबतीत असं काही नाही. पांडुरंग पुण्यात असतो, ती गावी आजारी पडते आणि जाते. त्यानं कुठला चोर सोडलेला नाही. तो जवळ असता तरी देवीपुढं काय करणार होता? म्हणून त्याच्या दुःखातून कुठलीही मोहीम निघत नाही. कुणाला पकडायचं, कुणाचा सूड घ्यायचा, हेच नाही. तो अजिंठ्याला जाऊन येतो. तिथंही उत्तर मिळतं असं म्हणता येत नाही.

पीटरचं दुःख ‘माझ्यामुळं झालं’ या वाक्यावर उभं आहे. पांडुरंगचं दुःख ‘का झालं?’ या प्रश्नावर. पहिल्याला वाट सापडते, कारण त्याला स्वतःची चूक सापडते. दुसऱ्याला चूकच सापडत नाही.

या दोन गोष्टींची गल्लत केली की माणसाचं नुकसान होतं. आणि ती गल्लत आज घराघरांत होते आहे.

देवळाली प्रवराचा इथं काय संबंध?

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीपासून आत वळलं की देवळाली प्रवरा येतं. नाशिकच्या देवळाली कॅम्पचा आणि या गावाचा संबंध नाही. हे राहुरी तालुक्यातलं, उसाच्या शिवारातलं, नगर परिषद असलेलं गाव. साखर कारखान्यावरून नाव पडलेली राहुरी फॅक्टरी शेजारी, महात्मा फुले कृषी विद्यापीठ तालुक्यातच, अभियांत्रिकीची सोय लोणीला. शिकायला फार लांब जावं लागत नाही.

लांब जावं लागतं ते शिकून झाल्यावर. या पट्ट्यातून पदवी घेतलेली पोरं पुण्याची गाडी धरतात. कुणी कंपनीसाठी, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी. सदाशिव पेठ, नवी पेठ, कॉट बेसिसवरची खोली, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली खुर्ची. पांडुरंगच्या काळातलं होस्टेल गेलं, बाकी मांडणी तीच आहे. गावाहून पैसे येतात आणि येताना प्रश्नही घेऊन येतात.

कुणाची पोस्ट निघाली की चौकात फ्लेक्स लागतो, गुलाल उधळला जातो, शाळेत सत्कार होतो. वृत्तपत्रंही ती बातमी आवडीनं छापतात. त्या बातमीचा साचा ठरलेला असतो: घरची गरिबी, आईवडिलांचे कष्ट, कुणीतरी केलेला अपमान, मग दिवसरात्र अभ्यास आणि शेवटी निकाल. यातली माणसं खरी असतात, कष्टही खरे असतात. पण साचा सुपरहिरोचा आहे. आधी दुःख, मग शक्ती, मग विजय.

अडचण अशी की हाच साचा उलटा करून नापास झालेल्याला लावला जातो. त्याची पोस्ट निघाली, कारण त्यानं मनापासून केलं. तुझी निघाली नाही, म्हणजे तू केलं नाहीस. शक्ती होती, वापरली नाहीस. म्हणजे परतलेल्या पोराच्या खांद्यावर थेट पीटर पार्करचा अपराध टाकला जातो, चोर सोडलेला नसताना.

गणित काय सांगतं?

राज्यसेवेसारख्या परीक्षेला अर्ज लाखांच्या घरात जातात आणि जागा शेकड्यांत असतात. समजा शंभर जणांत एक जागा आहे. उद्या शंभरही जणांनी अभ्यास दुप्पट केला तर काय होईल? कट-ऑफ वर जाईल. जागा एकच राहील. नव्व्याण्णव जण तेव्हाही बाहेरच असतील.

म्हणजे ‘मी का राहिलो?’ याचं उत्तर काही प्रमाणात अभ्यासात असतं. ‘नव्व्याण्णव जण का राहिले?’ याचं उत्तर अभ्यासात नसतं, जागांच्या संख्येत असतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरात, गावात, क्लासच्या जाहिरातीत ते एकच करून टाकले जातात.

यात उमेदवाराच्या हाताबाहेरच्या गोष्टींची भर पडते. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा करोनाचं कारण देऊन अगदी तोंडावर पुढं ढकलली गेली. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि परीक्षा २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ च्या परीक्षेच्या दिवशीच बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा आली. कृषी सेवेच्या २५८ जागा याच परीक्षेत घ्या, ही मागणीही होती. पुन्हा आंदोलन झालं, पुन्हा परीक्षा पुढं गेली. कृषी विद्यापीठ ज्या तालुक्यात आहे तिथल्या पदवीधराला त्या २५८ जागांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

तारीख पुढं गेली की खोलीचं भाडं आणि मेसचं बिलही पुढं जातं. ते भरणारा बाप उसाच्या बिलाची वाट बघत असतो. यातलं काहीच ‘मनापासून केलं नाही’ या सदरात बसत नाही.

नेमाडे यांनी ‘कोसला’ अर्पण केली आहे ती शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना. सुपरहिरो हा व्याख्येनंच उरलेला एक असतो. गावाला त्या एकाची गोष्ट सांगायची पक्की सवय आहे. नव्व्याण्णवांची गोष्ट सांगणारं पुस्तक साठ वर्षांपासून कपाटात आहे.

म्हणजे प्रयत्नच करायचे नाहीत का?

हा आक्षेप रास्त आहे. पांडुरंगची गोष्ट सांगून पोरांना हातपाय गाळायला शिकवायचं का, असं कुणी विचारेल.

तसं नाही. पांडुरंगचीही उलटतपासणी व्हायला हवी. त्याच्या घरी शेती आहे, वडिलांकडे पैसा आहे. पुण्यात वर्षं घालवून परत आल्यावर त्याला उद्याच्या भाकरीची चिंता नाही. रिकामं बसणं त्याला परवडतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या किंवा मोलमजुरीवर शिकलेल्या पोराला ती चैन नाही. या बाबतीत पीटर पार्करच त्याला जवळचा आहे. पीटर शाळेत असल्यापासून स्वतःचेच फोटो काढून वर्तमानपत्राला विकतो आणि मे काकूंचं घर चालवतो.

दुसरी गोष्ट मुलींची. ‘कोसला’त मनी जाते ती लहानपणीच, तिला पुण्याला जायची वेळच आली नाही. मूळ कॉमिकमध्येही बायका बहुतेक वाचवल्या जाण्यासाठीच असतात. १९७३ मध्ये पीटरची मैत्रीण ग्वेन स्टेसी मरते तेव्हा तर तिला पकडायला फेकलेलं त्याचं जाळंही तिला वाचवू शकत नाही. आज देवळाली प्रवराहून पुण्याला जाणाऱ्या मुलीला घरून अटेम्प्ट मोजून मिळतात. परतल्यावर तिला गावातल्या रिकाम्या पोरांत बसायची सोय नसते; तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. तिची गोष्ट या दोन्ही पुस्तकांत नाही.

म्हणून मुद्दा पांडुरंग चांगला की पीटर, असा नाही. जिथं चूक खरंच आपली आहे तिथं पीटरसारखं ती कबूल करून कामाला लागावं. वर्षभर मोबाइलवर घालवलं असेल, क्लासची फी भरून क्लास बुडवला असेल, तर त्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येणार नाही. पण जिथं चूक आपली नाही तिथं उगाच ती शोधत बसू नये आणि दुसऱ्यांनी ती चिकटवू नये. हा फरक ओळखता येणं जास्त महत्त्वाचं.

सुपरहिरोच्या गोष्टीतही ही शंका आली आहे

२००४ मध्ये भारतात स्पायडरमॅनचा देशी अवतार आला, पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, कपड्यांवरून वर्गात चिडवला गेलेला मुलगा. म्हणजे सुरुवात जवळपास पांडुरंगचीच. पण इथं एक योगी भेटतो, शक्ती देतो आणि गोष्ट नेहमीच्या वळणावर जाते.

हाच पवित्र २०२३ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटात दिसला. भारतात हा चित्रपट दहा भाषांत आला. त्यात मराठीही होती. या चित्रपटातला वाद बघण्यासारखा आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचं कुणीतरी गेलंच पाहिजे, त्याशिवाय तो घडत नाही, असा तिथं नियम सांगितला जातो. मायल्स मोरालेस नावाचा पोरगा तो नियम मानत नाही. वडील जाणार हे ठरलेलं आहे, म्हणून गप्प बसायला तो तयार नाही.

दुःखातून माणूस घडतो, हे आपल्याकडेही सहज बोललं जातं. काही जण घडतात, हे खरं. पण त्यामुळं दुःख गरजेचं ठरत नाही. पांडुरंगची गोष्ट हे साठ वर्षांपूर्वीच सांगून गेली: मनी गेली आणि त्यातून कुणी मोठा झाला नाही. ती फक्त गेली.

मग देवीला हरवलं कोणी?

या तुलनेतलं शेवटचं पात्र पुस्तकाबाहेरचं आहे. मनीला नेणारा देवीचा रोग आज कुठं आहे? कुठंच नाही.

भारतात राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, म्हणजे स्पायडरमॅन आला त्याच वर्षी. १९७५ मध्ये देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये जग. हे काम कुणा एकानं उडी मारून केलं नाही. देवी काढायला घरोघर फिरणारे कर्मचारी, गावोगाव रुग्ण शोधणारी पथकं, रुग्ण सापडला की आजूबाजूच्या सगळ्यांना लस टोचण्याची पद्धत आणि भरपूर नोंदवह्या, असा तो कंटाळवाणा विजय होता. त्यांचे फ्लेक्स लागले नाहीत.

जे एका माणसाच्या चुकीनं होत नाही, ते एका माणसाच्या जिद्दीनं दुरुस्तही होत नाही. त्याला व्यवस्था लागते. स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत ही व्यवस्था म्हणजे न हलणारं वेळापत्रक, वेळेवर जाहिरात, वेळेवर निकाल आणि वेळेवर नियुक्ती. यात कुणाला सुपरहिरो व्हायची गरज नाही, फक्त ठरलेलं काम ठरल्या दिवशी व्हायला हवं.

गावाला काय करता येईल?

मुंबई-पुण्याची वाट न बघता देवळाली प्रवरासारख्या गावात तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, निघण्याआधीचा हिशेब. किती वर्षं, किती पैसे, त्यानंतर काय, हे पुण्याला जायच्या आधी घरात बसून ठरवावं. मुलासाठी आणि मुलीसाठी तोच हिशेब असावा. आधी ठरलेली मुदत संपून परत येणं आणि हरून परत येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी, परतलेल्यांचा उपयोग. चार-पाच वर्षं राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल आणि कायदे वाचलेली मुलं गावात आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज, सातबाऱ्यावरची नोंद, पीकविम्याचा फॉर्म, दहावी-बारावीच्या मुलांचं गणित यासाठी याहून चांगली माणसं कुठून आणणार? पांडुरंगला सांगवीत कुणी असं काम दिलं नाही. ते दिलं असतं तर कादंबरी कदाचित झाली नसती, पण पोराचं बरं झालं असतं.

तिसरी, सत्काराचं व्यासपीठ. पोस्ट निघालेल्याचा सत्कार जरूर व्हावा. त्याच कार्यक्रमात, चार अटेम्प्ट देऊन थांबलेल्या आणि आता दूध डेअरी, दुकान, नर्सरी किंवा खासगी नोकरी सांभाळणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीलाही बोलायला सांगावं. समोर बसलेल्या बहुतेकांना पुढं हाच अनुभव येणार आहे.

थोडक्यात काय?

स्पायडरमॅन सांगतो की हातात असलेलं केलं नाही तर त्याची किंमत मोजावी लागते. पांडुरंग सांगतो की कधी कधी हातात काही नसतं आणि तरीही किंमत मोजावी लागते. पहिली गोष्ट पोरांना लहानपणापासून ऐकवली जाते. दुसरी त्यांना स्वतःच शोधावी लागते, बहुतेकदा शेवटचा निकाल लागल्यावर, एकट्यानं.

पीटर पार्कर रात्री उशिरा, मार खाऊन घरी येतो तेव्हा मे काकूंना त्यातलं काहीच माहीत नसतं. त्यांना एवढंच कळतं की पोरगं दमलंय. त्या काळजी करतात, खायला घालतात. पुण्याहून बॅगा घेऊन कायमचं परतलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त काही नको असतं. किती मार्कांनी गेलं, हे नंतर विचारता येईल.